वास्तुशिल्पी अच्युत कानविंदे : एका गवंड्याच्या मुलाच्या नजरेतून



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिचे लोण पुढे आपल्या गावोगावी पोहोचले. अशा व्यासपीठांवरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. त्यांच्या पंक्तीला सातवीतून शाळा सोडलेल्या आणि उभे आयुष्य कामगार संघटनेत घालवलेल्या माणसाला आपल्या चिटणीसांनी बसवले, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय विचारायला ते आले तेव्हा मी बांधकाम मजुरांच्या गाऱ्हाण्यांवर बोलणार असेच त्यांनी धरले होते. मी म्हणालो, "अच्युत कानविंदे." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "कोण हो हे?"

मंडळी, त्यांनी हा प्रश्न विचारला नसता तर कदाचित मी विषय बदललाही असता. आपण महाराष्ट्रीय लोक गाणाऱ्याचे नाव जाणतो, नटाचे जाणतो, पुढाऱ्याचे तर विचारूच नका. पण स्वतंत्र भारताच्या प्रयोगशाळांना आणि विद्यापीठांना ज्याने आकार दिला, तो आपलाच कोकणातला माणूस आपल्याला ठाऊक नसतो. म्हणून आज हा विषय.

प्रथम मी कोण ते सांगतो. मी सांगलीकडचा. जुन्या सातारा जिल्ह्याची १९४९ साली वाटणी झाली आणि आमच्या भागाला दक्षिण सातारा असे नाव पडले. १९६० साली त्याचा सांगली जिल्हा झाला. माझे वडील मात्र अखेरपर्यंत "आमी दक्षिण सातारचं" असेच सांगत, तेव्हा मला परका समजू नका. वडील गवंडी होते, आई त्यांच्याच हाताखाली घमेली वाहायची. चौदाव्या वर्षी मीही बिगारी म्हणून त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. एका बंगल्याच्या कामावर आबा प्रत्येक थराला ओळंबा लावून, सांधे जुळवून, वीट बसवीत होते. मला घरी जायची घाई. मी म्हणालो, "आबा, ह्याच्यावर उद्या गिलावा हुणार. कोण बघतंय आतली इट?" आबांनी थापी खाली ठेवली नाही. एवढेच म्हणाले, "गिलावा मालकाच्या डोळ्यास्नी. भित उभी ऱ्हातीया ती इटंवर."

ते वाक्य मी पुढे विसरून गेलो. त्याची आठवण झाली ती १९९८ साली, कानपूरला. कामगारांच्या एका मेळाव्याला गेलो होतो. मे महिना, आणि तिकडचे ऊन म्हणजे काय ते ज्याने सोसले त्यालाच माहीत. तिथल्या आय.आय.टी.मधल्या काही कामगार मित्रांनी मला संस्था दाखवायला नेले. वर्गांच्या इमारती, प्रयोगशाळा, मध्यभागी ग्रंथालय, शेजारी पाणी. ह्या सगळ्यांना जोडणारे लांबच लांब आच्छादित मार्ग आहेत. माणूस एका इमारतीतून निघून सावलीसावलीने दुसरीत पोहोचतो. मोटारींचा रस्ता बाहेरून, पायी चालणाऱ्याचा आतून. आणि भिंती पाहतो तो काय, काँक्रीटचा सांगाडा उघडा, त्यातली वीटही उघडी. गिलाव्याचा पत्ता नाही. थरावर थर, दर्जा सरळ. मी हात लावून पाहिला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुणा गवंड्याने ओळंबा धरला होता आणि त्याचे काम भर उन्हात उघडे, जसेच्या तसे, उभे होते. बरोबरचा वृद्ध कर्मचारी म्हणाला, "आपही के मुलुक के आदमी ने बनाया है." हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते असे.

परत आल्यावर वाचनालये धुंडाळली. मराठीत फारसे हाती लागले नाही. शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजी वाचत गेलो. जे कळले ते सांगतो.

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे ह्यांचा जन्म १९१६ सालचा, मालवण तालुक्यातल्या आचरे गावचा. हे गाव एका प्रथेसाठी प्रसिद्ध आहे. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसकट घरे सोडतो आणि तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. तिला गावपळण म्हणतात. बाहेर पडले की गरीब-श्रीमंत सगळे झावळ्यांच्या छपराखाली. कानविंद्यांवर ह्याचा काय परिणाम झाला हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण घर म्हणजे काय, छप्पर म्हणजे किती, आणि त्यात माणसाला नेमके काय लागते, हा धडा ज्या गावात दर काही वर्षांनी सगळ्यांना मिळतो, त्या गावातून हा वास्तुशिल्पी आला, एवढे लक्षात ठेवावे.

वडील चित्रकार. मुलगा १९३५ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेच्या वर्गात दाखल झाला. तिथे क्लॉड बॅटली नावाचे इंग्रज प्राध्यापक मुख्य होते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची, देवळांची मोजमापे घ्यायला लावून विद्यार्थ्यांना घडवणारा हा गुरू. शिक्षण संपते तोवर महायुद्ध पेटलेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ साली स्थापन झाली होती आणि डॉ. शांतिस्वरूप भटनागर देशभर प्रयोगशाळा काढण्याच्या खटपटीत होते. प्रयोगशाळेची इमारत कशी असते हे जाणणारा माणूस देशात कुठे होता? म्हणून तरुण कानविंद्यांना सरकारने १९४५ साली अमेरिकेला, हार्वर्ड विद्यापीठात धाडले.

तिथे त्यांना गुरू मिळाले वॉल्टर ग्रोपियस. ह्या जर्मन गृहस्थाने १९१९ साली वायमार येथे बाउहाउस नावाची शाळा काढली होती. वास्तुशिल्पी, शिल्पकार, चित्रकार ह्या सर्वांनी पुन्हा कारागिरीकडे वळले पाहिजे, हातात हत्यार धरले पाहिजे, असा त्या शाळेचा आग्रह. नाझी राजवटीने १९३३ साली ती बंद पाडली आणि ग्रोपियस आधी इंग्लंडला व तिथून १९३७ साली हार्वर्डला आले. १९४५ साली त्यांनी आपल्याहून कितीतरी लहान अशा सात वास्तुशिल्पींना बरोबरीने घेऊन एक कार्यालय थाटले. त्याला स्वतःचे नावसुद्धा दिले नाही, कारण इमारत ही अनेकांनी मिळून करण्याची गोष्ट आहे ही त्यांची श्रद्धा. आमच्या भाषेत सांगायचे तर गुरुजींनी युनियन काढली होती! कानविंदे शिकायला गेले ते नेमके ह्याच वेळी.

१९४७ साली पदवी घेऊन ते परतले. देश नुकताच स्वतंत्र झालेला. संशोधन परिषदेचे वास्तुशिल्पी म्हणून ते प्रयोगशाळा रचू लागले. ह्या काळातले त्यांचे गाजलेले काम अहमदाबादचे, तिथल्या कापडउद्योगाच्या संशोधन संस्थेचे, जिला 'अटिरा' म्हणतात. डॉ. विक्रम साराभाई तिचे पहिले संचालक. ती इमारत सरळसोट, सपाट छपराची, नक्षी नाही, कमान नाही, घुमट नाही. साहेबांनी सरकारी इमारतींवर चढवलेल्या घुमटांची सवय झालेल्या लोकांना ती नवीच वाटली असणार. परंतु त्या काळी देशाला हेच सांगायचे होते, की आता आम्ही कुणाची नक्कल करणार नाही, आम्हाला काम करायचे आहे.

१९५५ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि दिल्लीत शौकत राय ह्या सहकाऱ्याबरोबर भागीदारीत कार्यालय काढले. पाटीवर दोघांची नावे, कानविंदे आणि राय. पुढे तिसरे, चौधरी, हेही नाव आले. पुष्कळ मोठी माणसे पाटीवर एकट्याचेच नाव लावतात आणि आत पन्नास जण रात्रंदिवस रेघा ओढत बसतात. हे मी संघटनेच्या कामात इतके पाहिले आहे की ती तीन नावांची पाटी मला मोलाची वाटते.

मग कानपूर. ही संस्था १९५९ साली निघाली. तिचे पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, म्हणजे संचालक मराठी आणि वास्तुशिल्पीही मराठी. सुरुवातीचे वर्ग कानपूरच्याच दुसऱ्या एका तंत्रशिक्षणसंस्थेच्या कँटीनच्या इमारतीत भरत. तिथून हजार एकरांच्या माळावर विद्यापीठ उभे करायचे होते. पोलाद आणि सिमेंट ह्यांची देशात टंचाई, पैसा मोजका. कानविंद्यांनी काय केले? जे त्या मुलखात मुबलक होते ते घेतले, गंगेच्या खोऱ्यातली वीट आणि तिथला गवंडी. काँक्रीट सांगाड्यापुरते, बाकी वीट. आणि ती उघडी ठेवायची.

इथे जरा थांबतो, कारण बंगल्यात राहणाऱ्याला हे कळणार नाही, गवंड्याला कळेल. गिलाव्याखाली गवंड्याचे पाप झाकते तसे पुण्यही झाकते. वाकडी भिंत जाड गिलाव्याने सरळ दिसते, आणि आबांसारख्याने जीव ओतून बांधलेली भिंतही त्याच गिलाव्याखाली गडप होते. वीट उघडी ठेवायची म्हणजे वास्तुशिल्पीने गवंड्याला सांगायचे, की बाबा, माझी लाज तुझ्या थापीवर आहे. असा विश्वास टाकायला छाती लागते. कागदावर रेघ ओढणाऱ्याने हातावर विश्वास टाकला, आणि हाताने तो सार्थ केला. कानपूरची भिंत ही दोघांची साक्ष आहे.

दुसरी इमारत सांगतो ती गुजरातमध्ये मेहसाण्याची, दूधसागर डेअरी. काम १९७० नंतरच्या वर्षांतले. डेअरी म्हणजे कारखाना, तेव्हा हा माझ्या घरचा विषय. कारखाना बांधायचा म्हणजे चार भिंती, वर पत्रे, आत यंत्रे आणि यंत्रांमध्ये उरेल तिथे माणूस, असा आपल्याकडचा रिवाज. उन्हाळ्यात वाफेच्या दालनात भोवळ येऊन पडलेल्या कामगाराला उचलून बाहेर आणण्याचे काम मी स्वतः केले आहे. कुठे ते सांगत नाही. मालकाला विचारले तर म्हणे, यंत्राला काही होत नाही मग माणसालाच कसे होते? मेहसाण्याला कानविंद्यांनी यंत्रदालनांच्या वर हवेचे उंच उभे झोत काढले, चिमण्यांसारखे, गरम हवा वर खेचून बाहेर टाकणारे. इमारतीचे सारे रूप त्या चिमण्यांनी घडले आहे. दुरून पाहणारा म्हणेल, काय डौलदार मनोरे! पण त्या डौलाचे कारण आत उभ्या असलेल्या माणसाचा श्वास हे आहे. मला विचाराल तर इमारत सुंदर आहे की नाही हे आत आठ तास उभे राहणाऱ्याला विचारून ठरवावे.

आता ह्या माणसाच्या पुढारीपणाविषयी. पुढारी म्हणजे काय? १९५९ साली दिल्लीत ललित कला अकादमीने वास्तुकलेवर परिसंवाद भरवला. पंडित नेहरू त्यात बोलले. त्या परिसंवादाचे संपादन कानविंद्यांनी केले. वाद असा होता की स्वतंत्र भारताची इमारत कशी असावी, जुन्या देवळा-महालांसारखी की नव्या जगासारखी? कानविंदे नव्याच्या बाजूचे. परंतु पुढची चाळीस वर्षे त्यांच्या इमारती पाहत गेले तर एक गोष्ट दिसते. १९५० च्या सुमाराच्या इमारती पेटीसारख्या, सपाट. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या फुटलेल्या, टप्प्याटप्प्यांच्या, सावल्या धरणाऱ्या. आपल्या राज्यातही त्या आहेत. मुंबईस वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पाहा, पुण्यास बाणेर-बालेवाडीकडची राष्ट्रीय विमा अकादमी पाहा. आणि ज्याने तरुणपणी घुमट-शिखरांना रजा दिली, त्यानेच ऐंशी ओलांडल्यावर दिल्लीत इस्कॉनचे मंदिर उभे केले, शिखरांसकट! ते १९९८ साली खुले झाले. म्हणजे मी कानपूरला त्यांची भिंत चाचपत होतो, त्याच वर्षी.

कुणी म्हणेल, हा माणूस बदलला. मी म्हणतो, शिकला. संघटनेत आम्ही जी माणसे पाहतो त्यांत एका वर्षी दिलेली घोषणा तीस वर्षे देत राहणारी पुष्कळ. ऊन काय सांगते, पाऊस काय सांगतो, माणसे कुठून चालतात, हे पाहून आपलीच पहिली रेघ खोडण्याची तयारी ज्याच्याजवळ असते तो पुढारी. १९६९ साली त्यांनी एच. जेम्स मिलर ह्यांच्यासह भारतातल्या विद्यापीठांच्या आखणीवर पुस्तक लिहिले, म्हणजे जे कळले ते इतरांसाठी मांडूनही ठेवले. सरकारने पद्मश्री दिली, व्यवसायबंधूंनी आपल्या संस्थेचे अध्यक्षपद दिले. डिसेंबर २००२ मध्ये ते गेले. मी तेव्हा शब्दकोश घेऊन त्यांच्याविषयी वाचतच होतो. भेट राहून गेली.

भेट झाली असती तर भांडलो असतो. ते भांडण आज तुमच्यासमोर मांडतो.

ती वास्तुशिल्पींची संस्था कशी जन्मली पाहा. १९१७ साली मुंबईत वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी मंडळ काढले. १९२२ साली त्याचे नाव बदलले आणि १९२९ साली ती अखिल भारताची संस्था झाली. माणसे एकत्र आली, मंडळ उभे केले. ही संघटनाच, दुसरे काय! १९७२ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. नोंदवहीत नाव असल्याशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये असे ठरले. मला ह्याचा आनंदच आहे. पण ज्या गवंड्याच्या थापीवर वास्तुशिल्पीची लाज, त्या गवंड्याची नोंदवही केव्हा झाली? बांधकाम कामगारांचा कायदा झाला १९९६ साली. चोवीस वर्षांचे अंतर, मंडळी, आणि अंमलबजावणीला आणखी किती वर्षे लागली ते मी मोजत बसत नाही.

नाव नसणे म्हणजे काय ते सांगतो. एका इमारतीच्या कामावर पहाड मोडला आणि आबांचा जोडीदार तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. जागीच गेला. इमारतीपुढे मोठा फलक होता. त्यावर मालकाचे नाव, ठेकेदाराचे नाव, आर्किटेक्टचे नाव. गेलेल्याचे नाव फलकावर नव्हते हे ठीक, पण ते हजेरीपत्रकातही नव्हते. त्याच्या बायकोला सांगण्यात आले, की हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. मी संघटनेत आलो तो त्या दिवशी.

ही रीत आजची नाही. इथून जवळच लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. आपण सर्वांनी पाहिली असेल. वीरूबाई भोसले ह्यांनी १७१९ ते १७२४ ह्या काळात ती बांधवली, असे तिथला शिलालेख सांगतो. विहीर तीनशे वर्षे उभी आहे, बाईंचे नावही उभे आहे, आणि ते राहावेच. परंतु ज्या पाथरवटाने तो लेख टाकीने कोरला, त्याला आपले नाव कोरण्याची मुभा नव्हती. कानपूरलाही मी शोधले. भिंतीत त्याचे काम दिसते, नाव कुठे दिसत नाही. कानविंद्यांनी कारागिराचा हात जगाला दाखवला, हे त्यांचे मोठेपण. हातामागचा माणूस नोंदवायचे काम त्यांच्या पिढीकडून राहिले. मोठ्या माणसाचे काम जिथे थांबते तिथून पुढे नेणे हेच त्याचे खरे स्मारक.

आणि ते काम, मंडळी, दिल्लीत नाही, ह्या सभागृहात आहे. तुमच्यापैकी कुणी घर बांधत असेल, कुणाचा पुढच्या वर्षी बेत असेल. कायद्याप्रमाणे बांधकाम कामगाराची नोंद व्हायला गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंद झाली तर त्याच्या मुलाला शिक्षणाची मदत मिळते, आणि तो पडला तर मागच्यांना आधार मिळतो. ह्यासाठी बांधकामांच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, म्हणजे पैसा कुणाच्या खिशातून नव्याने काढायचा नाही. दाखल्यावर फक्त सही हवी. ती सही मागायला आमचा गवंडी जातो तेव्हा ठेकेदार म्हणतो उद्या ये, मालक म्हणतात ठेकेदाराला विचार, आर्किटेक्ट म्हणतात माझा संबंध नाही. कायदा, पैसा, नोंदवही सगळे आहे, आणि एका सहीपाशी माणूस अडून राहतो.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. आपल्या घराच्या भिंतीला गिलावा खुशाल करा. फक्त तो होण्याआधी एकदा आतली वीट पाहा, ती कुणी बसवली त्याचे नाव विचारा, आणि ते नाव हजेरीपत्रकात आहे का तेवढे पाहून घ्या. पहाडाची दोरी, बांबू धड आहेत का ते पाहा. आणि तो दाखला घेऊन आला तर बसायला सांगून सही करा.

चिटणीसांच्या प्रश्नाला, "कोण हो हे?" ह्याला, मी माझ्या परीने उत्तर दिले. आता आपल्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून तोच प्रश्न आपण विचारावा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.